पुणे ते दिल्ली : अंतर, मजल आणि काल

पुणे व दिल्ली या दोन नगरांमधील अंतर किती, या प्रश्नास आज एका आकड्याने उत्तर देता येते, असा सर्वसाधारण समज आहे. लोहगावच्या विमानतळापासून दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळापर्यंत पृथ्वीगोलावरून काढलेली लघुतम रेषा सुमारे १,१५५ किलोमीटर भरते, आणि विमानास त्यासाठी दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु अठराव्या शतकातील मराठ्यांच्या उत्तरेकडील राजकारणाचा विचार करताना अभ्यासक नकळत हाच आकडा मनाशी धरतात, नकाशावर पट्टी ठेवतात, आणि अमुक सरदाराने विलंब केला, तमुक पेशव्याने हयगय केली, असे निर्णय देऊन मोकळे होतात. ज्या काळाविषयी हे निर्णय दिले जातात त्या काळी पुणे–दिल्ली हे अंतर एक नव्हते. फौजेचे अंतर निराळे, जासुदाचे निराळे आणि सावकाराच्या कागदाचे निराळे होते. ही तिन्ही अंतरे ज्या शब्दांनी मोजली जात त्या शब्दांतच या भेदाचा पुरावा सापडतो.

मराठीतील अंतरवाचक जुने शब्द तपासले असता त्यांतील एकही शब्द केवळ भूमीच्या लांबीचा वाचक नाही, असे दिसते. ‘योजन’ हा शब्द ‘युज्’ या धातूपासून आला आहे. जू जोडल्यापासून ते सोडीपर्यंत जनावर जेवढे चालेल तेवढी वाट म्हणजे योजन. ‘कोस’ हा संस्कृत ‘क्रोश’ होय, आणि क्रोश म्हणजे आरोळी. एका ठिकाणी दिलेली आरोळी जेथवर ऐकू जाईल तेथवरची भूमी असा त्याचा मूळ अर्थ आहे. कोसाचा हा अर्थ मराठी मनुष्य विसरला असला तरी ‘हाकेच्या अंतरावर’ हा प्रयोग तो नित्य करतो. म्हणजे तीच कल्पना भाषेने नव्या शब्दात पुन्हा घडवली. ‘मजल’ हा अरबी ‘मंझिल’चा मराठी अवतार असून त्याच्या मुळाशी वाहनावरून खाली उतरण्याची क्रिया आहे. जेथे दिवसअखेर घोड्यावरून उतरावयाचे ते ठिकाण, आणि पुढे त्या ठिकाणापर्यंतची वाट, असा त्याचा अर्थविस्तार झाला. ज्या ‘मैला’स आपण शास्त्रीय मानले तोदेखील मुळात रोमन सैनिकाच्या हजार पावलांचाच आहे.

याची उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. दिवस किती वर आला हे सांगताना ग्रामीण मराठीत ‘कासराभर दिवस वर आला’ असे म्हणतात. कासरा म्हणजे बैल हाकताना हाती धरावयाची दोरी. तिच्या लांबीने येथे काळ मोजला जातो. ‘लांब’ हे विशेषण रस्त्यास लागते तसेच परीक्षेस अथवा लग्नासही लागते. ‘-वर’ या शब्दयोगी अव्ययाचा उपयोग तर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे : ‘गाव दोन कोसांवर आहे’, ‘गाव दोन तासांवर आहे’ आणि ‘लग्न चार दिवसांवर आले’ या तिन्ही वाक्यांत त्याचे कार्य एकच आहे. वक्ता जेथे उभा आहे तेथून पुढची मोजणी त्याने दाखवली जाते. ती भूमीची आहे की काळाची, हे अव्ययास ठाऊक नाही. ‘दिल्ली दोन तासांवर आली’ असे आजचा विमानप्रवासी म्हणतो तेव्हा तो कोणताही नवा प्रयोग करीत नाही.

कोसाची लांबी निश्चित करण्याचे प्रयत्न राज्यकर्त्यांनी केलेच नाहीत असे नाही. आईन-इ-अकबरीत कोस पाच हजार इलाही गजांचा सांगितला आहे, आणि आग्रा–दिल्ली–लाहोर या राजमार्गावर मुघलांनी उभारलेल्या कोसमिनारांपैकी अनेक आजही उभे आहेत; त्यांमधील अंतर साधारणतः तीन किलोमीटरांहून थोडे अधिक भरते. पण हे मिनार राजमार्गापुरते होते. नर्मदेच्या दक्षिणेस कोस प्रांतोप्रांती बदलत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स रेनेलने हिंदुस्थानचा नकाशा रचावयास घेतला तेव्हा त्यापुढील मोठी अडचण हीच होती. वाटसरूंकडून कळलेले कोस हे वळणावळणाच्या वाटेचे कोस होते, नकाशास सरळ रेषा हवी होती. म्हणून त्या आकड्यांतून वाटेच्या वळणांसाठी काही अंश वजा करणे त्याला भाग पडले. पुणे दरबारास असली वजाबाकी कधी करावी लागली नाही. सरळ रेषेचा दरबारास उपयोगच नव्हता. दरबारास हवे होते ते मजलांचे गणित : कोठे कूच, कोठे मुक्काम, वैरण कोठे मिळेल, नदी कोठे उतार देईल.

या गणितात फौज कोणत्या जातीची आहे यावर सारे अवलंबून असे. बाजीराव १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीपाशी अकस्मात प्रकट झाला तो सडी फौज घेऊन. सादतखानाने मराठ्यांना चंबळेपार घालवल्याची बढाई दरबारी पोहोचली होती, आणि त्या बढाईची शाई वाळते न वाळते तोच मराठे कालकादेवीपाशी उतरले. येथे अंतर आक्रसले, कारण फौजेमागे ओझे नव्हते. तेवीस वर्षांनी सदाशिवरावभाऊ निघाला तेव्हा त्याच्या बरोबर इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता, कुटुंबे होती, यात्रेकरू होते आणि बुणग्यांचा अफाट समुदाय होता.

भाऊच्या या कुचाचे आकडे मांडून पाहणे उद्बोधक ठरते. उदगीरच्या विजयानंतर १४ मार्च १७६० रोजी त्याने पटदूर (हल्लीचे जालना जिल्ह्यातील परतूर) सोडले. एप्रिलमध्ये नर्मदा, पुढे सिरोंज, मग ग्वाल्हेर, आणि ऑगस्टच्या आरंभी दिल्लीचा किल्ला हाती आला. परतूर ते दिल्ली ही सरळ रेषा सुमारे १,०१० किलोमीटरांची आहे, आणि तिला सुमारे १४० दिवस लागले. म्हणजे रेषेच्या हिशेबाने दिवसाकाठी सात किलोमीटर. एवढ्यावरून भाऊ रेंगाळला असे म्हणणे सोपे आहे. परंतु या १४० दिवसांत पावसाळा सापडला, गंभीर नदीच्या पुराने फौज खोळंबली, सुरजमल जाटाशी बोलणी झाली आणि वाटेवर पैसा उभा करण्याची विवंचना तर रोजचीच होती. सरासरीचा आकडा या मुक्कामांना चाल समजून भागतो. ‘मजल’ हा शब्द असा घोटाळा करीत नाही, कारण उतरणे हे त्याच्या अर्थातच समाविष्ट आहे.

आता जासुदाचे अंतर. पेशवाईतील जासूद बहुधा जोडीने जात. सांडणीस्वार आणि कासीद हे त्याच व्यवस्थेचे अन्य घटक होत. टप्प्याटप्प्यावर माणूस किंवा जनावर बदलले की बातमी थांबत नाही, माणूस थांबतो. ‘डाक’ या शब्दात हीच कल्पना आहे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, आणि २४ जानेवारीच्या सुमारास भिलशाच्या मुक्कामी नानासाहेब पेशव्यास त्याचे वर्तमान कळले, असे इतिहासकार मानतात. पानिपत ते भिलसा ही रेषा सुमारे ६६० किलोमीटरांची आहे. म्हणजे विनाशाची बातमी दिवसाकाठी ६५ किलोमीटरांच्या वर धावली. भाऊच्या फौजेच्या सरासरीच्या सुमारे नऊपट. ज्या राज्याची बातमी त्याच्या फौजेच्या नऊपट वेगाने चालते, त्या राज्याच्या प्रमुखास संकट कळते ते बहुधा निवारणाची वेळ टळून गेल्यावर. पुणे दरबारास ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती, आणि म्हणूनच उत्तरेत शिंदे–होळकरांसारखी कायमची ठाणी बसवण्याचे धोरण पूर्वीपासून आखले गेले. इंदूर व ग्वाल्हेर ही संस्थाने पुणे–दिल्ली या वाटेवर पुढे रुजली, यामागे अंतराचे हे गणितही आहे.

पण १७६०च्या हिवाळ्यात याहून वाईट प्रकार घडला. ऑक्टोबरच्या अखेरीस अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठ्यांची छावणी व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. दिल्ली अद्याप मराठ्यांच्या हाती होती. तेथे नारो शंकर होता. पुण्याहून दिल्लीपर्यंतचे अंतर होते तेवढेच राहिले. दिल्लीपासून पानिपतपर्यंतचे सुमारे ९० किलोमीटर मात्र ओलांडता येईनासे झाले. युद्धापूर्वी काही दिवस दिल्लीहून छावणीकडे द्रव्य घेऊन निघालेले स्वार रात्रीच्या अंधारात वाट चुकून अब्दालीच्याच गोटात शिरले आणि कापले गेले. अंतर हा भूमीचा गुण नसून वाटेचा गुण आहे, हे सांगावयास याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

या प्रकाशात नानासाहेबावर येणारा विलंबाचा आक्षेप पुन्हा पाहिला पाहिजे. डिसेंबर १७६०च्या अखेरीस तो पैठण येथे विवाहात गुंतला होता, ही गोष्ट त्याच्याविरुद्ध वारंवार सांगितली जाते. विवाहाची तिथी २७ डिसेंबर आणि भिलशाचा मुक्काम २४ जानेवारी असा हिशेब धरला तर पैठण–भिलसा ही सुमारे ५१५ किलोमीटरांची रेषा त्याने अठ्ठावीस दिवसांत, अर्थात दिवसाकाठी अठरा किलोमीटरांच्या वेगाने तोडली. हा वेग भाऊच्या सरासरीच्या अडीचपट आहे. दोन फौजांची जात आणि ऋतू भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे. तथापि पैठणनंतर पेशवा रेंगाळला, हे तीवरून खचित म्हणता येत नाही. उशीर झाला तो पैठणच्या आधी झाला. नोव्हेंबरात अब्दालीने वाट रोखल्यावर उत्तरेकडून येणारी पत्रे खंडित झाली, आणि पत्र न येणे याचा अर्थ संकट असा दरबाराने वेळीच लावला नाही. पेशव्याचा दोष ठरवावयाचाच असेल तर तो चालीतील दोष नसून वाचनातील दोष होय.

जी बातमी भिलशास पोहोचली ती सरकारी जासुदाने आणलेली नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. दिल्लीकडून औरंगाबादेच्या सावकाराकडे चाललेले एक व्यापारी पत्र वाटेत पेशव्याच्या हाती पडले. दोन मोत्ये गेली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये व खुर्द्याची गणती नाही, अशा आशयाची सांकेतिक भाषा त्यात होती; भाऊ व विश्वासराव ही ती दोन मोत्ये. राज्याची डाक तुटली असताना पेढीची डाक चालू होती. यात आश्चर्य नाही. सावकाराचे अंतर तिसऱ्याच मापाने मोजले जाई. हुंडी दर्शनी असो वा मुदतीची, तिच्यावर लागणारी हुंडणावळ ही एका अर्थाने दोन पेठांमधील अंतराची किंमत होती, आणि ती कोसांप्रमाणे न बदलता वाटेच्या सुरक्षिततेप्रमाणे व पैशाच्या चणचणीप्रमाणे बदलत असे. मुदतीच्या दिवसांत प्रवासाचा काल आणि विश्वासाचा काल एकत्र मिसळलेले असत. अंतर पैशात मोजण्याची ही रीत आज विमानभाड्यात पुन्हा दिसते; तेथेही दर गर्दीप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे हलतो, किलोमीटरांप्रमाणे नव्हे.

सरळ रेषा हिंदुस्थानात अवतरली ती विमानाबरोबर नव्हे, तर विमानाच्या शंभर वर्षे आधी. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. हे काम उत्तरेकडे सरकत असता १८२३ मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला आणि तेथेच त्याचे थडगे आहे. त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेले. एव्हरेस्टची एक आधाररेषा सिरोंजला होती. भाऊची फौज जेथून गेली तेच हे सिरोंज. १८४१ मध्ये हे मोठे रेखावृत्तखंड हिमालयाच्या पायथ्याशी पूर्ण झाले, आणि दक्षिणेतील कोणत्याही स्थळापासून दिल्लीचे अंतर पाऊल न टाकता गणिताने काढता येऊ लागले. कोणीही मनुष्य ज्या रेषेवरून जाऊ शकत नव्हता तिची लांबी अशा रीतीने वाटेच्या लांबीहून अधिक खरी ठरली. तारायंत्राने पुढची पायरी ओलांडली. ११ मे १८५७ रोजी दिल्लीतील उठावाची बातमी त्याच दिवशी तारेने अंबाल्यास गेली, आणि पंजाबातील इंग्रज अधिकारी सावध झाले. दिल्ली–अंबाला या वाटेवरच पानिपत आहे. तेथून भिलशापर्यंत जी बातमी दहा दिवस चालली, तिच्यासारखी बातमी शंभर वर्षांच्या आत काही तासांवर आली.

आगगाडीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, १८५८ मध्ये ती पुण्यास आली आणि पुढे मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा अशा मार्गाने पुणे–दिल्ली प्रवास दीड हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा, पण एका दिवस-रात्रीच्या आसपास आटोपणारा झाला. भिलसा याच मार्गावर आहे. १९५६ पासून त्याचे नाव विदिशा. वेळेची मोजणी मात्र आगगाडीने आमूलाग्र बदलली. पुण्याचा व दिल्लीचा सूर्य सुमारे तेरा मिनिटांच्या फरकाने माथ्यावर येतो. जासुदास या तेरा मिनिटांचे सोयरसुतक नव्हते; वेळापत्रकास होते. प्रथम रेल्वेपुरती मद्रासची वेळ आली, १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, आणि मुंबई शहराने आपली स्वतंत्र वेळ त्यानंतरही जवळजवळ अर्धशतक हट्टाने जपली. घटिकापात्रातील ‘घटका’ मागे पडली, आणि ठोके देण्याच्या धातूच्या थाळीचे नाव असलेला ‘तास’ अंतराचे माप बनला. आजच्या विमानप्रवासाच्या सुमारे १३० मिनिटांशी ताडून पाहिले तर दोन नगरांच्या सूर्यांमधील हा फरक प्रवासकालाच्या एक दशांशाइतका आहे.

विमानसेवेचा आरंभही मजलांनीच झाला. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, ही घटना सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्याहून महत्त्वाची घटना नोव्हेंबर १९३७ मधील : टाटांची मुंबई–दिल्ली सेवा सुरू झाली ती इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर येथे उतरत. हा मार्ग पुण्याचा नव्हे, मुंबईचा, हे खरे. परंतु होळकरांची राजधानी आणि शिंद्यांची राजधानी या दोन ठाण्यांवरून दिल्लीस जाणारी वाट आकाशातही तशीच राहिली, हे केवळ योगायोगाने झाले नाही. लहान विमानास मध्ये उतरणे आवश्यक होते, आणि उतरण्यासाठी जेथे धावपट्टी, इंधन व आश्रयदाता संस्थानिक असेल तेथेच उतरावे लागे. वैरणीच्या जागी पेट्रोल आले. मजलेची व्याख्या बदलली नाही.

डाकचौकीची कल्पना तर १९४९ मध्ये नागपुरास नव्याने साकार झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार नगरांहून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या ठिकाणी परत जात. रफी अहमद किडवाई दळणवळण खात्याचे मंत्री असताना सुरू झालेली ही रात्रीची हवाई टपालसेवा पुढे काही दशकांनी बंद पडली. तिची रचना मात्र जासूदजोडीच्या ओळखीची आहे : घोडा आपल्या चौकीवरून माघारी वळतो, थैली पुढे जाते.

आजचे वेळापत्रक पाहिले असता ‘दोन तास दहा मिनिटे’ या आकड्याचे स्वरूप कळते. १,१५५ किलोमीटरांस या वेळेने भागल्यास ताशी सुमारे ५३० किलोमीटर हा वेग निघतो. वस्तुतः जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटरांहून अधिक वेगाने जाते. हा फरक कोठे गेला? वेळापत्रकातील काल विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या ठिकाणी उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, रांग, चढण, ठरलेल्या हवाई मार्गाची वळणे, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या, हे सारे त्यात आले. शिवाय विलंबासाठी राखून ठेवलेली थोडी सवलतही. उड्डाणाचे अंतर सागरी मैलांत मोजले जाते, आणि सागरी मैल म्हणजे अक्षांशाची एक कला, १,८५२ मीटर. तेवढ्यापुरते हे माप मनुष्याच्या पावलापासून व हाकेपासून पूर्णपणे सुटले आहे. प्रवासाचा काल मात्र सुटलेला नाही. त्यात उतरणे धरलेले आहे, म्हणून तो अर्थाने मजलच आहे. घरापासून लोहगावपर्यंतचा, आणि पालमपासून दिल्लीच्या वस्तीपर्यंतचा वेळ त्यात नाही. तो मिळवला की दोन तासांचे पाच-सहा सहज होतात.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर दाट धुके उतरते. पानिपतची लढाई ज्या महिन्यात झाली तोच हा महिना. अशा पहाटे पुण्याहून निघालेले विमान कधी घिरट्या घालते, कधी जयपूरला वळवले जाते, कधी लोहगावलाच खोळंबते. फलकावर उड्डाणाचा क्रमांक असतो, अंतर एका किलोमीटरानेही वाढलेले नसते, आणि वेळेच्या रकान्यात काही लिहिलेले नसते.